पिशवी ओतून बघणारा डॉक्टर

2022 च्या श्रावणातला सोमवार होता. शाळा सुटून साडेचारच्या सुमारास घरी आले तर आई ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली. लुगडं घामानं भिजलेलं, ओठ पांढरे, हात थरथरत होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "कोन गं तू?" आईच्या तोंडून हा प्रश्न ऐकताना माझ्या पायातलं बळच गेलं. शेजारच्या काकूंकडं साखर बघायचं मशीन आहे, ते धावत जाऊन आणलं. आकडा आला 46, साखर फारच उतरलेली. काकूंनी तांब्यात साखर कालवून घोट घोट पाजली. आईला गिळता येत होतं म्हणून निभावलं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाव तासानं तिनं मला नावानं हाक मारली. तशीच गाडी करून निपाणीच्या दवाखान्यात नेलं. साखर वर आली आहे, आता घरी नेते, असं मी म्हणत होते. ड्यूटीवरची डॉक्टर मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची असेल, ती म्हणाली, "मॅडम, आईंची ही साखर उतरवणारी गोळी अंगातून लवकर जात नाही. मूत्रपिंड कमजोर असलं की आणखी रेंगाळते. साखर परत उतरेल, दोन दिवस राहू द्या." तिचं खरं निघालं. त्या रात्री साखर आणखी दोनदा उतरली, दवाखान्यात होतो म्हणून कळलं आणि सलाईनमधून ग्लुकोज चालू होतं म्हणून सावरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या सगळ्या गोळ्या मागवल्या. आईची औषधं एका कापडी पिशवीत असायची, बंद तुटलेला, त्याला सुतळी बांधलेली. खाटेवर वर्तमानपत्र पसरून त्या मुलीनं ती ओतली. 14 प्रकारची पाकिटं निघाली. ग्लिमेपिराइड हे साखरेचं औषध दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं होतं, एका गोळीत एकटं आणि दुसऱ्या गोळीत मेटफॉर्मिन या साखरेच्याच औषधाबरोबर. टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं औषध, तेही दोन नावांनी. शिवाय लघवी मोकळी करणारी, जिला आमच्याकडं पाण्याची गोळी म्हणतात, ती. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक या दुखीच्या गोळीची पट्टी. आई रोज दोन खात होती, वर्षभर तरी. ती मुलगी म्हणाली की टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि दुखीची गोळी ही तिन्ही एका वेळी पोटात गेली की मूत्रपिंडावर मोठा ताण येतो. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कमजोर झालं की रक्तात वाढणारा आकडा, 1.9 होतं. आदल्या वर्षी 1.3 होतं.

एक गोष्ट मला इथं नीट सांगायची आहे. त्या पिशवीतली दुखीची गोळी सोडली तर बाकी प्रत्येक गोळी कुणा ना कुणा चांगल्या डॉक्टरनं, त्या दिवशी समोर जे दिसलं त्यावरून, बरोबरच लिहिली होती. चूक होती ती त्यांच्या बेरजेत, आणि बेरीज करायला कुणीच नव्हतं.

हे असं झालं कसं, ते आमचा मुलूख माहीत असल्याशिवाय कळणार नाही. आमचं गाव कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर. मोठं दुखणं आलं की कोल्हापूर, ही इथली जुनी रीत. कोल्हापूर निपाणीपासून 40 किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. आजीच्या पिढीत मिरजेचं नाव असायचं; विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली तिथं उभारलेल्या मिशन दवाखान्यात इकडची माणसं बैलगाडीनं आणि रेल्वेनं जायची. आईची साखर आणि रक्तदाब कोल्हापूरचेच एक डॉक्टर बघत होते. मग 2021 साली कोविडच्या लाटेत कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटी-पीसीआरचा दाखला सक्तीचा केला आणि कोगनोळी नाक्यावर तपासणी बसली. कोल्हापूरला जाऊन परत आपल्याच घरी यायचं तर नाकात काडी घालून घेतलेला कागद हातात पाहिजे. त्याच जुलैत वेदगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि तो रस्ताच तुटला. 2019 च्या पुरातही असंच झालं होतं. आईच्या गोळ्या संपल्या, तेव्हा निपाणीतल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्यांच्या हिशोबानं नवी चिठ्ठी दिली. पुढं नाका उठला, आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो, जुनी चिठ्ठी पुढं चालू झाली, आणि नवीही थांबली नाही. मी आईला विचारलं, दोन्ही कशाला खात होतीस? ती म्हणाली, "दोनी डाक्टर चांगलंच हाईत की. कुनाचं टाकू?"

घरी आणल्यावर गावातले आमचे नेहमीचे डॉक्टर बघायला आले. आयुर्वेदाचे पदवीधर, 30 वर्षं गावात आहेत, माझ्या दोन्ही मुलांचे ताप त्यांनीच उतरवले. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, "बाई, ताप-खोकला असता तर मीच बघितलं असतं. आक्कांचं आता एकात एक गुंतलंय. एक फिजिशियन धरा. चार धरू नका, एक धरा." माझ्या मते आईच्या आजारपणातला सर्वांत मोलाचा सल्ला हाच होता, आणि तो देताना स्वतःचा पेशंट दुसऱ्याच्या हाती सोपवायला ते कचरले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फिजिशियन म्हणजे नक्की कोण, हे मला चाळिशी उलटेपर्यंत धड माहीत नव्हतं. त्यांनीच समजावून सांगितलं. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षांचं, त्यानंतर जनरल मेडिसिन या विषयात तीन वर्षांचं एम.डी. किंवा डी.एन.बी. मोठ्या माणसांचे ऑपरेशनशिवायचे सगळे आजार हा त्यांचा प्रांत. त्याच्याही पुढं तीन वर्षं शिकून डी.एम. झाले की हृदयाचे, मूत्रपिंडाचे, ग्रंथींचे असे एकेका अवयवाचे तज्ज्ञ. पाटीवर नुसतं एम.डी. असलं तर पुढचा शब्द वाचायचा, कारण एम.डी. आयुर्वेदातही असतं, बालरोगातही असतं आणि त्वचारोगातही असतं. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत पडताळून बघता येतो. पुढं आम्ही ज्या तिघांकडं गेलो, त्यांचे मी पडताळले. कुणावर अविश्वास होता म्हणून नव्हे. घर घेताना उतारा बघतो, तसंच हेही बघितलं.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं पडलं की आईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातच न्यायचं. फोनवर आमचं वाजलं. "ताई, तू जवळ बघतेस आणि मी चांगलं बघतोय," असं तो बोलून गेला आणि मला ते लागलं. पण चार दिवसांनी मीच शांतपणे विचार केला. त्याच्या कंपनीचा विमा आईला ॲडमिट केलं तरच उपयोगाचा. आमच्या कर्नाटकातली आयुष्मानची योजना आणि महाराष्ट्रानं पुढं इकडच्या सीमाभागातल्या 865 गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना, दोन्हींचा जीव मुख्यतः दवाखान्यात दाखल होण्यात आहे. दर महिन्याची तपासणी, गोळ्या, रक्त-लघवी, गाडीभाडं हे सगळं खिशातूनच. आईचा आजार एकदा ऑपरेशन करून संपणारा नव्हता, तो तिच्याबरोबर आयुष्यभर राहणार होता. जो डॉक्टर दर महिन्याला, पाऊस असो, पूर असो, गाठता येईल तोच खरा. भावाला हे मी फोनवर नाही, कागदावर लिहून पाठवलं, खर्चाच्या आकड्यांसकट. मग तो म्हणाला, बघ तू, मी पैसे पाठवतो.

पहिल्यांदा गेलो ते कोल्हापूरच्याच दुसऱ्या एका नामांकित फिजिशियनकडं. अडीच तास बसलो. आत गेल्यावर चार-पाच मिनिटांत सगळं उरकलं. त्यांचं ज्ञान मोठं असणार यात मला शंका नाही, बाहेर बसलेली गर्दी उगाच नव्हती. पण त्यांनी आईला एकही प्रश्न विचारला नाही, मलाच विचारले. पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते, ती उघडायची वेळच आली नाही. बाहेर आलो तेव्हा चिठ्ठीत दोन गोळ्या वाढल्या होत्या आणि कमी एकही झाली नव्हती.

दुसऱ्यांदा बेळगावला, एका मोठ्या रुग्णालयात. तिथं जे मिळालं ते मी विसरणार नाही. एका दिवसात रक्त, लघवीतलं प्रथिन, पोटाची सोनोग्राफी, छातीचा फोटो, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, सगळं झालं. आईला दमा आहे असं आम्ही 10 वर्षं म्हणत होतो. तो दमा नव्हे, सी.ओ.पी.डी. आहे, हे तिथं कळलं. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि औषधानं बऱ्यापैकी मोकळ्या होतात. यात त्या कायमच्या खराब झालेल्या असतात, औषधानं त्रास कमी होतो, गेलेली ताकद येत नाही. कारण विचारलं तर छातीच्या डॉक्टरांनी आईलाच विचारलं, तुम्ही काम काय करत होता? आईनं 27 वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळली. तोंडाला पदर बांधून बायका बसायच्या आणि संध्याकाळी पदर झटकला की धूर निघावा तशी भुकटी उडायची. घरी आल्यावर चूल. आयुष्यात तिनं बिडी ओढली नाही, पण धूळ आणि धूर या दोन्हींनी तिची फुप्फुसं खाल्ली होती.

अडचण अशी की दर खेपेला समोर नवा तरुण डॉक्टर. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. कागद इंग्रजीत, संमतीपत्र कन्नडमध्ये, आणि आई मराठीत. मी मास्तरीण असल्यामुळं मला कन्नड वाचता येतं, ज्यांना येत नाही त्यांनी अंगठा कशावर उठवायचा? शिवाय जाऊन-येऊन आईचे दोन दिवस मोडायचे. मूत्रपिंडाच्या तज्ज्ञ बाईंनी ते ओळखलं. त्या म्हणाल्या, "मावशींना दर महिन्याला इथं आणायची गरज नाही. सहा महिन्यांनी मला दाखवा. पण गावाजवळ एक फिजिशियन असा पाहिजे की मी काय लिहिते, छातीवाले काय लिहितात, हे सगळं ज्याच्या एका टेबलावर येईल." गावातल्या डॉक्टरांचंच वाक्य, फक्त दुसऱ्या तोंडून.

तिसऱ्याचा पत्ता शाळेतल्या माझ्याबरोबरच्या एका बाईंनी दिला. त्यांच्या सासऱ्यांचं बायपास झालेलं, मधुमेह, शिवाय कंपवात. तवंदी घाटाच्या पलीकडं एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं जाऊन बघा म्हणाल्या. मी फोन केला तेव्हा तिथल्या मुलीनं पहिलं वाक्य बोललं ते असं: "फाइल नसली तरी चालेल, घरात असतील त्या सगळ्या गोळ्या आणा. झाडपाल्याच्या, मेडिकलच्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, सगळ्या."

डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान. घरची भाषा कन्नड, पण आई आत शिरताच म्हणाले, "या आई, जेवलासा काय?" आईचा चेहरा उजळला. ते मराठी व्याकरणात चुकतात, 'गोळी घेतला काय' म्हणतात, पण आईच्या तोंडाकडं बघून बोलतात. मी मधे उत्तर द्यायला लागले तर हात वर करून म्हणाले, "मॅडम, तुमचं नंतर." माझ्या उत्तरांमुळं आजवर किती गोष्टी झाकल्या गेल्या होत्या ते त्या अर्ध्या तासात कळलं.

त्यांनी पिशवी ओतली. दोन ढीग केले, तिसरा केला. मग चहाचं विचारलं. आई म्हणाली, साखर बंद केलीय, गुळाचा पितो. दिवसातनं चार वेळा. आमचा भाग गुऱ्हाळांचा, गूळ म्हणजे औषध अशीच समजूत. गुळानंही रक्तातली साखर तशीच चढते, हे आईला आजारपणाच्या 16 वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. अशक्तपणा वाटतो म्हणून रोज शहाळं प्यायची, तेही निघालं. मूत्रपिंड कमजोर आणि त्यावर टेल्मिसार्टन चालू असताना रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. ते बंद.

मग म्हणाले, श्वासाचा पंप कसा ओढता दाखवा. आईनं पंप तोंडाजवळ धरला, दाबला आणि मग श्वास घेतला. औषध सगळं जिभेवर. तीन वर्षं ती असाच पंप मारत होती आणि आम्ही म्हणत होतो की पंपानं गुण येत नाही. त्यांनी स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी दिली, चार वेळा करून घेतलं, शेवटी चूळ भरायला सांगितली. रक्तदाब बसवून मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर 24 नं उतरला. आई सकाळी उठताना भिंत धरते ती म्हातारपणामुळं, असं आम्ही समजत होतो. चपला काढायला लावून, डोळे मिटायला सांगून, तळपायाला एक नायलॉनचा जाड धागा टेकवत गेले. दोन ठिकाणी आईला काही कळलंच नाही. आईच्या तळपायाकडं मी तरी कधी नीट बघितलं होतं?

शेवटी त्यांनी विचारलं, "आई, तुम्हाला काय पाहिजे?" मला वाटलं आई म्हणणार, बरं करा. ती म्हणाली, "सकाळी आंगाण झाडून सडा टाकाय यावा. मधी बसाय लागू नये." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. अजूनही फाइलच्या पहिल्या पानावर आहे, इंग्रजीत.

मी माझे प्रश्न वहीत लिहून नेले होते. रात्री दोन वाजता काही झालं तर कुठं न्यायचं? तुम्ही नसाल तेव्हा कोण? दुसऱ्या तज्ज्ञानं काही लिहिलं तर आम्ही ते लगेच चालू करायचं की आधी तुम्हाला विचारायचं? दुसऱ्या कुणाचं मत घेतलं तर तुम्हाला राग येईल का? हा शेवटचा प्रश्न विचारताना माझी जीभ जड झाली होती. ते म्हणाले, "मीच तुम्हाला चिठ्ठी देऊन पाठवीन." आणि खरंच, बेळगावच्या मूत्रपिंडवाल्या बाईंना त्यांनी एक पानी पत्र लिहिलं: आजार कोणते, चालू औषधं कोणती, काय बंद केलं आणि का, आणि आता त्यांना विचारायचं काय आहे. आईच्या 16 वर्षांच्या फाइलीत एका डॉक्टरनं दुसऱ्याला लिहिलेलं ते पहिलं पत्र.

14 वरून गोळ्या 8 वर आल्या, त्याही एकदम नाही, दोन महिन्यांत. ग्लिमेपिराइड दोन्हीकडची गेली, त्या जागी लिनाग्लिप्टिन आली, जी मूत्रपिंड कमजोर असलं तरी चालते. मेटफॉर्मिन काही आठवडे थांबवली आणि तपासणी सुधारल्यावर निम्म्यानं सुरू केली. दुखीची गोळी बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि खुर्चीत बसून करायचे व्यायाम. पुढं डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झाली, साखरेची गोळी, पण मूत्रपिंडाची झीज मंदावते म्हणून मुख्यतः दिलेली. उपवासाच्या आणि उलटी-जुलाबाच्या दिवशी ती घ्यायची नाही. आईला त्यांनी वर्षातले उपवास मोजायला लावले होते: सोमवार, एकादशा, नवरात्र. "सोडा म्हणत नाही, पण मला सांगून करा." तीन महिन्यांची सरासरी साखर, ती एचबीए1सी, साडेसातपर्यंत आली तेव्हा मी विचारलं, आणखी खाली आणायची ना? ते म्हणाले, आईंच्या वयाला आणि या मूत्रपिंडाला साडेसात ते आठ पुरे, खाली ओढायला गेलो तर परत 46 दिसेल. औषधं बरीचशी जनऔषधी केंद्रातून घेतो. महिन्याचा खर्च 3,400 रुपयांवरून 1,700 च्या आसपास आला.

पण या डॉक्टरांना धरायचं हे माझं खरं ठरलं ते पहिल्या भेटीत नाही, पाच महिन्यांनी. त्यांनी पाण्याची गोळी बंद केली होती. तीन आठवड्यांत आईच्या पायावर सूज चढली, एका रविवारी रात्री धाप वाढली. त्यांचा फोन लागेना. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं त्या निपाणीतल्या दवाखान्यात नेलं, त्यांच्या हातचा औषधांचा कागद दाखवला, तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पहाटेपर्यंत आई मोकळी झाली. भाऊ फोनवर म्हणाला, बघ, सांगत होतो. मीही डळमळले. सोमवारी सकाळी सात वाजता डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती गोळी मी जरा लवकर काढली. मूत्रपिंडाकडं बघितलं, हृदयाकडं कमी बघितलं. आज आईंना घेऊन या, इको करू." इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीत हृदय थोडं ताठर झालेलं निघालं. गोळी परत सुरू झाली, निम्म्या ताकदीची, आणि रोज सकाळी वजन करायची सवय लागली. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर त्यांना कळवायचं. आईला बरोबर डॉक्टर मिळाला का, या प्रश्नाचं उत्तर मला त्या सकाळच्या फोनमध्ये मिळालं. भावालाही. तो आता आईचं वजन रोज फोनवर विचारतो.

आता माझ्याकडं एक शंभर पानी वही आहे. तारीख, वजन, रक्तदाब, साखर, कोणती गोळी कधी सुरू आणि कधी बंद, कुणी सांगितलं. नवीन गोळी आली की पाकिटावरचं कंपनीचं नाव नाही, खाली बारीक अक्षरातलं औषधाचं नाव मी वहीत लिहिते. मेडिकलवाल्यानं बदली पाकीट दिलं तर तेच नाव जुळवून बघते. आई चौथी शिकलेली आहे, अक्षर लावून वाचते, म्हणून तिच्यासाठी प्रत्येक डबीवर मराठीत लिहिलंय: सकाळी उपाशीपोटी, भाकरीनंतर, झोपताना. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि कॅल्शियमची त्यानंतर निदान चार तासांनी, हे तिनं स्वतःच पाठ केलंय.

सगळं सुरळीत आहे असं नाही. क्रिएटिनिन दीडपर्यंत खाली आलं होतं, गेल्या तपासणीत पुन्हा 1.6 झालं, पोटॅशियम 5.3. डॉक्टरांनी आईला विचारलं, शहाळं? आई गप्प. मग हळूच म्हणाली, उन्हाळ्यात लेकाच्या घरनं येताना दोन प्यालो, गाडीत. ते रागावले नाहीत. दहा दिवसांनी रक्त परत तपासायला सांगितलंय, तोवर टेल्मिसार्टन निम्मी. येत्या गुरुवारी बेळगावला डोळ्यांच्या पडद्याची वर्षाची तपासणी आहे, तिथंच मूत्रपिंडाच्या बाईंनाही रिपोर्ट दाखवून घ्यायचाय. पत्र तयार आहे. सातच्या बसनं निघायचं तर आईला साडेपाचला उठावं लागेल, आणि ती म्हणते, अंगण झाडल्याशिवाय मी यायची न्हाई.